भाताचा पेंढा : साखरेसाठी रासायनिक पूर्वप्रक्रिया

भाताचा पेंढा, मक्याची ताटे, उसाचे पाचट अशा पीक-अवशेषांतल्या सेल्युलोजाची (काडीतल्या तंतुमय घटकाची) साखर करण्याआधी त्यांची घट्ट वीण आम्ल, अल्कली वा अमोनियाने सैल करण्याची क्रिया. पुढे ही साखर यीस्टने आंबवून इथेनॉल बनवतात. त्याला दुसऱ्या पिढीचे इथेनॉल म्हणतात; मळीपासूनचे ते पहिल्या पिढीचे.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड, शहापूर, भिवंडी या तालुक्यांत भात हे खरिपाचे मुख्य पीक असल्याने इथला अवशेष म्हणजे प्रामुख्याने पेंढा. त्यात साधारण एक तृतीयांश सेल्युलोज, पाचवा हिस्सा किंवा थोडे अधिक हेमिसेल्युलोज आणि या दोहोंना सांधून धरणारे लिग्निन असते. शिवाय सिलिका भरपूर. भाताची पात बोटाला चिरते ती तिच्यामुळेच. कच्च्या पेंढ्यावर सेल्युलोज तोडून साखर करणारी विकरे (एंझाइम) सोडली तर जेमतेम पाचवा हिस्सा साखर सुटते, कारण ती सेल्युलोजापर्यंत पोचतच नाहीत. वाट मोकळी झाली की हिशेब सोपा आहे : दर 100 किलो सेल्युलोजामागे, तुटताना जोडले जाणारे पाणी धरून, 111 किलो ग्लुकोज (साखर), अर्थात कागदावर.

आम्लाची रीत सर्वांत जुनी. 1819 मध्ये फ्रान्समध्ये आंरी ब्राकोनो यांनी गंधकाम्लात कापडाच्या चिंध्या विरघळवून साखर मिळवली होती. आज तीव्र आम्ल सहसा टाळतात. अर्धा ते दोन टक्के गंधकाम्लात भिजवलेला पेंढा बंद भांड्यात 140 ते 190 अंश सेल्सियसला काही मिनिटे ठेवतात. हेमिसेल्युलोज फुटून झायलोज ही दुसरी साखर द्रावात उतरते. खरी कसोटी वेळेची. थोडे जास्त तापले की झायलोजाचे फुरफुराल होते. म्हणजे साखरही गेली आणि पुढच्या टाकीतले यीस्टही मंदावले. साधे पोलाद या आम्लाला टिकत नाही, त्यामुळे भांडे महागड्या मिश्रधातूचे लागते. शेवटी चुन्याने आम्ल मारले की जिप्समाचा गाळ उरतो, त्याचीही सोय पाहावी लागते. आणखी एक अडचण : नेहमीचे यीस्ट झायलोज खातच नाही, त्यासाठी सुधारित वाण हवा.

कॉस्टिक सोड्याची, म्हणजे अल्कलीची, रीत उलट्या बाजूने जाते. ती लिग्निन विरघळवते. पेंढा बोटांत दाबला तर बुळबुळीत लगदा लागतो आणि वर काळपट द्राव राहतो. पेंढ्यातली सिलिकाही त्यात उतरते, म्हणून सोडा परत मिळवणे अवघड. लगदा धुवायला पाणीही भरपूर लागते. नंतर विकरे 50 अंशांच्या आसपास, सौम्य आम्लधर्मी पाण्यात दोन-तीन दिवस काम करतात.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायने हाताळणारे कारखाने नवे नाहीत, तेव्हा असा प्रकल्प इथे तांत्रिकदृष्ट्या परका वाटणार नाही. पण धुवणाचे खारट पाणी शेवटी ठाणे खाडीकडेच निघणार, आणि या खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य 2022 पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. त्यामुळे पाणी व सोडा दोन्ही फिरवून वापरल्याशिवाय ही रीत इथे परवडू नये, पैशानेही आणि खाडीच्या दृष्टीनेही.

अमोनियाची रीत पशुपालकांना वेगळ्या नावाने, युरिया प्रक्रिया म्हणून, माहीत आहे. 100 किलो पेंढ्यावर 4 किलो युरियाचे पाणी शिंपडून ढीग प्लास्टिकखाली सुमारे तीन आठवडे दाबून ठेवतात. युरियातून सुटलेला अमोनिया काडी मऊ करतो. ढीग उघडताना डोळे चुरचुरतात. पिवळा पेंढा तपकिरी झालेला असतो. थोडी हवा लागू दिली की म्हशी तो आवडीने खातात. विकरांचे काम पोटातले जिवाणू करतात.

माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील जैवऊर्जा केंद्राच्या तंत्रावर उत्तराखंडातल्या काशीपूरला रोज 10 टन अवशेष हाताळणारा प्रात्यक्षिक प्रकल्प 2016 मध्ये सुरू झाला. इंडियन ऑइलचा पानिपतचा कारखाना 2022 चा. त्याची गरज वर्षाला सुमारे 2 लाख टन पेंढ्याची. तिकडे पेंढा शेतातच जाळला जातो, म्हणून हिशेब जुळतो. ठाण्यात त्याला गिऱ्हाईक आधीच आहे : तबेल्यांची वैरण आणि आंब्याच्या पेट्यांतले अंथरूण. यातल्या दुसऱ्या वापरानंतर नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या फळबाजारात पडून राहणारा पेंढा मात्र आयता एका जागी मिळतो. तो सुतळी-कागदातून निवडून घ्यावा लागतो आणि उन्हाळ्याच्या हंगामापुरताच येतो.