हाड जुळेपर्यंत

आषाढात आमच्याकडच्या अंगणांना शेवाळ धरतं. पागोळ्या पडतात त्या पट्ट्यात तर चिऱ्यांवर हिरवा, बुळबुळीत थर बसतो. पहाटे गोठ्याकडे निघालेली म्हातारी नेमकी तिथेच घसरते आणि कुशीवर पडते. चादर बाजूला केली की एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो, पाऊल बाहेर कललेलं असतं. हाडांच्या वॉर्डात वर्षं काढलेल्या सिस्टरला तेवढ्यावरून कळतं, खुब्याचं हाड गेलं. मुलगे मुंबईत. शेजारी गाडी काढतो. कुणी रत्नागिरीला नेतं, कुणी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात, सावंतवाडी-दोडामार्गकडचे बरेच जण थेट गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय गाठतात.

ऑपरेशनमध्ये रॉड किंवा स्क्रू बसतो, नाहीतर खुब्याचा गोळाच बदलतात. दुसऱ्या दिवशी मुंबईहून आलेला मुलगा मला हमखास सांगतो, ‘‘सिस्टर, आता आईला दीड महिना अजिबात हलू द्यायचं नाही.’’ त्यातली माया मला कळते, आणि पोटात गोळाही येतो. खुबा मोडलेली म्हातारी माणसं दगावतात तेव्हा त्यात मोडलेल्या हाडापेक्षा पडून राहण्याचा वाटा मोठा असतो.

हाड सावकाश जुळतं. मोडल्या जागी आधी रक्ताची गाठ होते, दोन-तीन आठवड्यांत तिथे कूर्चेसारखी, म्हणजे नाकाच्या शेंड्यासारखी मऊ भर येते, मग त्यात कॅल्शियम बसून ती कडक होते. यात दोन-तीन महिने जातात. बाकीचं शरीर तेवढं थांबत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना १० दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं होतं. आजार काही नाही, जेवण व्यवस्थित, तरी प्रत्येकाच्या पायांतलं सरासरी जवळजवळ १ किलो मांस झडलं. आमची म्हातारी मुळातच ४० किलोची.

सगळ्यात आधी मार बसतो तो त्वचेला आणि तिच्याखालच्या मांसाला. एकाच जागी दाब राहून तिथे जखम होते, तिला बेडसोर म्हणतात. १९३० साली युजीन लँडिस या शास्त्रज्ञाने नखाच्या कडेच्या बारीक रक्तवाहिन्यांमधला दाब मोजला. शुद्ध रक्त आत येतं त्या टोकाला तो पाऱ्याच्या साधारण ३२ मिलिमीटर इतका भरला. बाहेरून याहून जास्त दाब बराच वेळ राहिला तर रक्त पुढे सरकणं अवघड होतं. नेमकी मर्यादा माणसागणिक बदलते, पण उताणं झोपलेल्या माणसाच्या टाचांखाली आणि माकडहाडाखाली दाब याच्या कितीतरी वर जातो. आपण झोपेतही कूस बदलतो म्हणून वाचतो. दुखऱ्या पायाच्या भीतीने निश्चल पडलेली बाई बदलत नाही.

आणि ही जखम नेहमी बाहेरूनच आत जाते असं समजू नका. हाडालगतचं मांस त्वचेपेक्षा नाजूक. बऱ्याचदा तेच आधी मरतं. वर काळसर डाग दिसतो तो दोन-तीन दिवसांनी. म्हणजे सोमवारी दिसलेल्या जखमेची सुरुवात शुक्रवारी, घाटातून येणाऱ्या गाडीच्या कडक स्ट्रेचरवर किंवा ऑपरेशनच्या टेबलावर झालेली असू शकते.

पुस्तकं सांगतात, लाल जागा बोटाने दाबून पाहा. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय, लालच राहिली तर नुकसान सुरू झालंय. आपल्या सावळ्या अंगावर हा लालपणा नीट दिसत नाही. म्हणून मी नव्या मुलींना डोळ्यांबरोबर हातही वापरायला शिकवते. तळहाताची मागची बाजू फिरवायची: शेजारच्या जागेपेक्षा ही गरम लागते का, गार लागते का, घट्ट की भुसभुशीत, म्हातारी तिथे हात लावताच कण्हते का.

इथे घरच्यांचा हात पुढे येतो तो खोबरेल घेऊन. त्या जागेवर चोळू नका. खालच्या जखमी वाहिन्या चोळण्याने आणखी फाटतात. दुसरी सवय चुंबळीची. डोक्यावर हंडा घेताना ठेवतो तशी कापडाची चुंबळ करून टाचेखाली सरकवतात. मधली जागा मोकळी राहते हे खरं, पण चुंबळीच्या कडेचा गोल दाब भोवतालून येणारं रक्तच अडवतो. त्यापेक्षा पोटरीखाली लांबट उशी आडवी न ठेवता उभी ठेवा, म्हणजे टाच अधांतरी राहील. दर दोन तासांनी कूस बदला, पण पुरती नव्हे. पाठीला उशी लावून ३० अंशांची कलती ठेवा, गुडघ्यांमध्ये उशी. कुठल्या कुशीवर चालेल ते सर्जनना विचारून घ्या. हवेची गादी जरूर आणा, पण गादी आणली म्हणून कूस बदलणं थांबत नाही.

पावसाळ्यात याला ओल भिडते. कपडे वाळत नाहीत, चादर दमट, घाम, डायपर. भिजून मऊ पडलेली कातडी चादरीला चिकटते, आणि म्हातारीला वर ओढून घेताना ती आतल्या आत ताणली जाते. ओढू नका. दोघांनी आडव्या चादरीने उचलून सरकवा.

छातीचं मात्र उलटं आहे. म्हातारीला बसतं ठेवायला लागतं, नाहीतर फुप्फुसांचा खालचा भाग उघडत नाही, कफ साचतो, न्यूमोनिया होतो. बसवलं की ती खाली घसरते आणि माकडहाडावर ताण येतो. दोन्ही सांभाळायचं तर जेवताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास सरळ बसवायचं, मग पुन्हा डोकं ३० अंशांपर्यंत खाली. तासातासाला दहा खोल श्वास. पोटरीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन्ही पावलं घोट्यातून वर-खाली, डॉक्टरांनी दिलेलं रक्त पातळ ठेवणारं औषध वेळेवर. एकच पोटरी सुजली, दुखली तर तीही चोळायची नाही, लगेच दाखवायची. अचानक दम लागला तर क्षणही घालवू नका.

जेवणाबद्दल मला जरा तळमळीने सांगायचं आहे. ऑपरेशन झालं की घरून पेज येते. मासे बंद, कारण ‘जखमेत पू होईल’. ही भीती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, पण जखम भरायची ती प्रथिनांनीच. अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ४० किलोच्या बाईला ४८ ते ६० ग्रॅम. पेजेच्या वाडग्यात दोन-चार ग्रॅम असतील. १०० ग्रॅम बांगड्यात २० च्या आसपास. मासे न खाणाऱ्यांकडे कुळथाची पिठी आहे, दूध आहे, मुगाचं कढण आहे. पेज द्या, पण तिच्याबरोबर हेही द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा. आणि उशीखालची मिसरीची डबी काढून घ्या. तिच्यातलं निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं, हाड जुळणं लांबवतं.

तिसऱ्या रात्री एक मुलगा घाबराघुबरा माझ्याकडे आला होता. ‘‘सिस्टर, आवस रातभर बडबडता हा. बाहेरचा काय लागला नाय मां?’’ म्हातारी कठड्याला धरून ओरडत होती, ‘‘वासरू सुटला, बांधा कोणतरी!’’ याला वैद्यकात भ्रम म्हणतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर वृद्धांमध्ये तो नेहमी दिसतो आणि त्यामागे बहुतेकदा शरीरातलंच कारण असतं: न सांगता आलेली वेदना, तुंबलेली लघवी, चार दिवसांचा मलावरोध, जंतुसंसर्ग, कमी झालेलं सोडियम, कमी पडलेलं पाणी. त्या म्हातारीचं पोट मी हाताने चाचपलं तर बेंबीखाली मूत्राशय टम्म. नळी घालून लघवी काढली, तासाभरात ती झोपली. गाऱ्हाणं घालायचं तर घाला, मी कुणाच्या श्रद्धेत पडत नाही. पण आधी आम्हाला हाक मारा. तिचा चष्मा द्या, घरच्या माणसाचा आवाज कानी पडू द्या. अचानक गप्प, सुस्त झालेली म्हातारीही याच भ्रमात असू शकते. ती त्रास देत नाही म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते.

सर्जननी मनाई केली नसेल तर ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही तिला उभं करतो. अर्धा तास आधी वेदनाशामक, मग पलंगाच्या कडेला बसवणं, चक्कर येते का पाहणं, वॉकर हातात. पहिल्या दिवशी चार पावलं पुष्कळ झाली.

घरी सोडताना मी मुलाला घराबद्दल विचारते. आपलं सगळं जगणं जमिनीलगतचं: पाट, विळी, चूल, अंथरूण. खुब्याचा गोळा बदलला असेल तर सुरुवातीचे काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, नाहीतर गोळा खोबणीतून निसटू शकतो. खुर्ची अशी हवी की बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा वर राहील. शेवटचा प्रश्न संडासाचा. तो परसात असेल तर कमोडची खुर्ची पलंगाशेजारी आणा, आणि तिथे रात्रभर दिवा चालू ठेवा.