घरी बांधलेल्या गाडीवर नंबर कुणाचा?

1960च्या दशकात अमेरिकेत फोक्सवॅगन बीटल गाडीच्या चेसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, फायबरग्लासची बॉडी चढवून बग्गी बनवण्याचे वेड पसरले, तेव्हा नंबराची चिंता कुणाला नव्हती. बीटलचा चेसिस नंबर मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर ठोकलेला असे. वरची बॉडी गेली तरी तो जागेवरच राही आणि कागदोपत्री बग्गी बीटलच राही. पण बग्गी आखूड दिसावी म्हणून बरेच जण चेसिस कापून फूटभराहून मोठा तुकडा काढत आणि दोन्ही टोके वेल्डिंगने जोडत. नंबर शाबूत, चेसिस मात्र मूळ मापाची नाही. मग ती गाडी तीच म्हणायची का?

ब्रिटनमध्ये किट कारची, म्हणजे सुटे भाग घेऊन घरी जोडायच्या गाडीची, भरभराट झाली ती करामुळे. तयार गाडीवरचा खरेदी कर सुट्या भागांवर लागत नसे. 1973मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत संपली.

खरा वाद 1983चा. ज्या गाडीचे वय किंवा ओळख पक्की सांगता येत नाही, तिच्या नंबरप्लेटवर ‘क्यू’ अक्षर द्यायचे ठरले. चोरीच्या गाड्यांना जुन्या कागदांची ओळख चिकटवणाऱ्यांना चाप बसावा हा हेतू रास्तच होता. पण जुन्या-नव्या भागांतून प्रामाणिकपणे गाडी बांधणाराही त्याच रांगेत उभा राहिला. मोठे फेरबदल केलेल्या गाड्यांसाठी पुढे गुणांचा हिशेब अनेक वर्षे चालला: चेसिसला 5, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी 2, इंजिनला 1. जुनी ओळख टिकवायला 8 गुण लागत. चेसिस सोडून बाकी सगळे मूळचे असले तर बेरीज 9 होते. तरीही कापलेल्या चेसिसच्या गाडीला ‘क्यू’च मिळे. सगळे भाग कोरे, फार तर एखादा दुरुस्त केलेला, असे पावत्यांनिशी दाखवले तर किटला चालू वर्षाचा नंबर मिळे. म्हणजे पैसा असणाऱ्याची गाडी नवी आणि भंगारातून भाग जमवून राबणाऱ्याची संशयित. हा भेद मला कधीच पटलेला नाही. विमा आणि फेरविक्री, दोन्हीकडे त्या अक्षराची झळ बसते. 1998पासून घरी बांधलेल्या गाडीला नोंदणीआधी तपासणी सक्तीची झाली, म्हणजे ती सुरक्षित आहे का हे स्वतंत्रपणे पाहिले जाऊ लागले. तरी अक्षर राहिलेच.

अमेरिकेत गुंता वेगळा. तिथे 1981च्या मॉडेलपासून 17 अक्षरांचा नंबर सक्तीचा झाला. त्यात आय, ओ आणि क्यू वर्ज्य, कारण ती 1 आणि 0शी गल्लत करतात. नववी जागा पडताळणीची: प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत, तिला जागेनुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे, मग बेरजेला 11ने भागून उरेल ती बाकी तिथे येते. बाकी 10 असेल तर एक्स. वर्षाला मोजक्याच गाड्या काढणाऱ्या छोट्या कारखान्याच्या नंबरात तिसऱ्या जागी 9 असतो.

घरी गाडी बांधणारा मात्र कारखानदार नव्हे. त्याला नंबर देते राज्य. निरीक्षक गाडी आणि भागांच्या पावत्या पाहतो आणि नंबरची पट्टी गाडीवर रिव्हेटने बसवतो. 2015च्या कायद्याने छोट्या उत्पादकांना वर्षाला जुन्या गाड्यांच्या 325पर्यंत तयार प्रतिकृती विकायची वाट मोकळी केली. गॅरेजमध्ये एकच गाडी बांधणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याला आजही राज्याच्याच दारात जावे लागते.