तारा लावलेली हलगी

गणपतीच्या मिरवणुकीत ‘बँजो पार्टी’ आली की आपल्याकडे जो बँजो वाजतो, तो खरं तर बुलबुलतरंग. बटणं दाबून वाजवायची ती लाकडी पेटी, आणि तिचं मूळ जपानी. अमेरिकेतला मूळ बँजो अगदी वेगळा आहे. त्याला ओळखायचं असेल तर हलगी डोळ्यांसमोर आणा. एक कडं, त्याच्या एका बाजूला ताणून बसवलेलं कातडं आणि मागची बाजू मोकळी. या हलगीला दांडी जोडा, कातड्यावर छोटी लाकडी घोडी उभी करा आणि तिच्यावरून पाच तारा न्या. झाला बँजो.

या घराण्यातलं सर्वांत लहान वाद्य म्हणजे पिकोलो बँजो. १८८० आणि ९० च्या दशकांत फिलाडेल्फियाच्या एस. एस. स्ट्यूअर्टसारख्या कारागिरांनी असे बँजो बनवले. नेहमीच्या बँजोचं कडं साधारण ११ इंचांचं असतं, याचं जेमतेम ७. लाकडी कड्यावर बाहेरून चकचकीत ‘जर्मन सिल्व्हर’चा पत्रा मढवलेला असे. नावात चांदी असली तरी तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. कड्याभोवती लोखंडी आकड्यांची रांग आणि त्यांना बारीक चाक्या. चाकी आवळली की कातडं ताणलं जातं. पाचवी तार इतरांपेक्षा आखूड, तिची खुंटी दांडीच्या बाजूला, पाचव्या पडद्याजवळ. तारा बहुतेक तातीच्या, म्हणजे आतड्याच्या.

ती आखूड तार कुठून आली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल-गांबियाच्या जोला लोकांचं ‘अकोंटिंग’ नावाचं वाद्य आहे. भोपळा, त्यावर कातडं, काठीची दांडी आणि एक आखूड तार. गुलाम म्हणून पकडून नेलेल्या माणसांनी अशा वाद्यांची आठवण मनात जपली आणि कॅरिबियन बेटांत व अमेरिकेत बँजो घडवला. पुढे गोऱ्या कलाकारांनी तोंडाला काळं फासून, त्याच माणसांची टिंगल करत, तो रंगमंचावर आणला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांदीसारख्या पत्र्यातला बँजो कॉलेजांच्या बँजो क्लबांत आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत दिसू लागला, तेव्हा ज्यांनी तो जन्माला घातला त्यांचा उल्लेखही होईनासा झाला होता.

या क्लबांत लहानमोठे बँजो एकत्र वाजत आणि पिकोलोचे सूर नेहमीच्या बँजोपेक्षा एक सप्तक वर लागत. ताण आणि जाडी तीच ठेवून तार निम्मी केली की कंपनसंख्या दुप्पट होते, म्हणून त्याची तार जवळजवळ निम्मी. पण कातडं त्या प्रमाणात लहान केलेलं नाही. ताण सारखा असेल तर ७ इंचांचं कातडं ११ इंचांच्या कातड्यापेक्षा साधारण दीडपटच वरच्या सुरात बोलेल. पूर्ण सप्तक गाठायला साडेपाच इंचांचं कडं लागेल. आणि हवा हलवण्याचं काम कातड्यालाच करायचं असतं. ७ इंचांतच त्याचं क्षेत्रफळ मोठ्या बँजोच्या ४० टक्क्यांवर आलेलं असतं. आणखी कापलं असतं तर आवाजच बसला असता.

बँजोचा आवाज मोठा, पण सूर टिकत नाही. तारेत ऊर्जा भरलेली असते ती बोटाने छेडताना, आणि ती तेवढीच असते. तानपुऱ्याचं लाकूड ती सावकाश झिरपू देतं. बँजोचं पातळ, हलकं कातडं तारेसोबत लगेच हलतं आणि बरीचशी ऊर्जा पटकन हवेला देऊन टाकतं. एक घागर थेंबथेंब रिकामी होते, दुसरी एकदम पालथी.

शिवाय प्रत्येक सुराच्या सुरुवातीला एक ‘टक्’ असतो. तो कातड्याचा स्वतःचा. साध्या गोल कातड्याच्या कंपनसंख्या १, १.५९, २.१४ अशा वेड्यावाकड्या प्रमाणात असतात, म्हणून त्यातून ठोका ऐकू येतो, सूर नाही. आपल्या तबल्याची आणि मृदंगाची शाई नेमकी हीच प्रमाणं सरळ करते, हे सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये दाखवलं. बँजोला शाई लागत नाही, कारण सूर तारच ठरवते. कातडं फक्त त्याला रंग देतं.

त्या रंगातली धातूसारखी झणक कुठून येते, याचा पाठपुरावा नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड पोलित्झर यांनी केला आहे, आणि इतका मोठा माणूस या वाद्यामागे लागला याचा मला फार आनंद वाटतो. ते म्हणतात, तार घोडीवरून कोन करून खाली उतरते. कातडं वरखाली झालं की घोडीही होते, तारेचा ताण क्षणोक्षणी किंचित वाढतो-घटतो आणि सूर अतिवेगाने थरथरतो.

कातड्याचं हवामानाशी मात्र कायमचं वाकडं. त्यातलं कोलॅजन नावाचं प्रथिन दमट हवेतलं पाणी शोषून सैल पडतं. हलगीवाला अशा वेळी जाळ करून हलगी शेकतो, बँजोवाला किल्लीने चाक्या आवळायचा. मग कोरडी हवा आली की आधीच आवळलेलं कातडं आणखी आक्रसायचं आणि कधी कधी रात्रीतून फाटायचं. म्हणून त्या काळच्या लहान बँजोवर मूळ कातडं सापडणं दुर्मीळ. सापडलंच, तर घोडीजवळ एखादा काळपट, गुळगुळीत डाग दिसतो. वाजवताना आधाराला करंगळी तिथे टेकवत.