जादा पेट्रोलचा कॅन: लडाख-स्पितीला निघणाऱ्या ग्राहकांसाठी

मे महिना लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. लडाखला निघालोय, मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच लिटरचे कॅन लावून द्या. पावसाळा सरता सरता त्यातल्याच काही गाड्या परत येतात. ब्रॅकेट वेल्डिंगशेजारी तडकलेलं, झाकणाचा वायसर फुगलेला आणि कॅनमध्ये पुण्यात भरलेलं पेट्रोल जसंच्या तसं. मग गॅरंटीवरून बोलणं होतं, त्यात अर्धा तास तुमचा जातो आणि अर्धा आमचा. म्हणून हे पत्रक. फिटिंगला येण्याआधी एकदा वाचा.

आधी हिशेब, मग कॅन

सगळ्यांच्या डोक्यात मनाली-लेह रस्त्यावरच्या तांडीच्या पंपाचा तो बोर्ड असतो: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तो आकडा लेहपर्यंतचा. लेहच्या अलीकडे साधारण ३५ किलोमीटरवर कारूला पंप आहे, म्हणजे खरं अंतर ३३० च्या आसपास धरा.

आता स्वतःच्या गाडीचा रोजचा ॲव्हरेज घ्या आणि त्यातून पाचवा हिस्सा वजा करा. चढ, पहिला-दुसरा गिअर, मागे बसलेला माणूस आणि सामान यांत तेवढा जातो. टाकीतलं शेवटचं दीड लिटर हिशेबात धरू नका. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो, त्याला कोरडं चालवणं महागात पडतं.

हिमालयन ४५० ची टाकी १७ लिटरची. रोजचा ॲव्हरेज तीस असेल तर वरच्या हिशेबाने साडेपंधरा लिटरमध्ये ३७० किलोमीटर निघतात. तिला कॅन लागत नाही. क्लासिक ३५० ची टाकी १३ लिटरची. पस्तीसचा ॲव्हरेज असला तरी हिशेब ३२० ला येऊन थांबतो, तेव्हा एक कॅन घ्यावा. इंटरसेप्टर ६५० ची १३.७ लिटर, ॲव्हरेज पंचवीस धरला तर २४५ च्या आतच संपते. तिला कॅन पाहिजेच, पण तोही एकच. दोन कॅन लागतील अशी गाडी आमच्याकडे फार क्वचित येते. हे असं छापून आम्ही स्वतःचाच एक कॅन कमी विकतो, याची आम्हाला कल्पना आहे.

मनाली ते स्पितीतलं काझा साधारण २०० किलोमीटर, आणि काझाला पंप आहे. तिथे हा प्रश्नच येत नाही. गोव्याला जाताना कॅन मागणारेही भेटतात. त्यांना आम्ही चांगल्या सॅडलबॅगा दाखवतो.

कॅन कधी भरायचा आणि कधी ओतायचा

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. ग्राहक कॅन पुण्यातच काठोकाठ भरतो, दोन हजार किलोमीटर मनालीपर्यंत नेतो, आणि पुढे "इमर्जन्सीसाठी असू दे" म्हणून टाकी रिझर्व्हला येईपर्यंत हात लावत नाही. बहुतेक वेळा ती इमर्जन्सी येतच नाही आणि भरलेला कॅन लेह फिरून घरी येतो.

आमचं म्हणणं एवढंच आहे की भरलेला कॅन गाडीवर जितका कमी वेळ राहील तितकं बरं. शेवटच्या पंपावर भरा आणि टाकीत त्याच्याएवढी जागा झाली की लगेच टाकीत ओता. मनाली-लेहवर तो पंप म्हणजे तांडी. तिथून दारचा, झिंगझिंगबार, बारालाचा ला ('ला' म्हणजे खिंड) करत सरचूला पोचेपर्यंत शंभरावर किलोमीटर होतात आणि बहुतेक गाड्यांनी चार लिटरच्या वर पेट्रोल प्यायलेलं असतं. सरचूला, गाटा लूप्सची २१ वळणं चढायच्या आधी, कॅन रिकामा करा. पुढचा नाकी ला, लाचुलुंग ला, पांग हा सगळा रस्ता रिकाम्या कॅनने पार होईल. लेहहून पँगाँग-हानलेच्या फेरीला जातानाही असंच करा: भरायचा कारूला, आणि टाकीत जागा होईल त्या पहिल्या मुक्कामावर ओतायचा. श्रीनगरमार्गे उतरणार असाल तर कारगिलला पंप आहेत, त्या बाजूला कॅन भरायची गरज नाही.

याची कारणं विचारली जातात, तीही सांगतो. पाच लिटर पेट्रोल पावणेचार किलोच्या आसपास भरतं, त्यात लोखंडी कॅनचं वजन मिळवा. एवढं वजन एका बाजूला लटकून खड्ड्यांत दिवसभर आदळत राहिलं की वेल्डिंगच्या कडेला पाइप थकतो. सरचूपर्यंतचे शंभर-सव्वाशे किलोमीटर भरलेला कॅन नेण्यासाठी आमचं ब्रॅकेट पुरून उरतं. पुण्यापासून भरून नेला तर त्याच्या वीसपट अंतर होतं.

दुसरं कारण हवेच्या दाबाचं. पुण्यात घट्ट बंद केलेल्या कॅनमध्ये पुण्याची हवा कोंडलेली असते. बारालाचा ला ४,८९० मीटरवर आहे, तिथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडासाच जास्त. कॅनच्या बाजू फुगतात, वायसरवर ताण येतो आणि झाकणातून पाझर सुरू होतो. मग कोणीतरी "हवा जाऊ दे" म्हणून झाकण अर्धा आटा ढिलं ठेवतं आणि सॅडलबॅगेतल्या कपड्यांना पेट्रोलचा वास लागतो. झाकण ढिलं ठेवून गाडी चालवू नका. तांडीला भरलेला कॅनही वर गेल्यावर फुगतोच, पण बराच कमी.

किती भरायचा

पाच लिटरच्या कॅनमध्ये साडेचार. आमच्या कॅनवर आतल्या पातळीची खूण बाहेरून रंगाने केली आहे, ती शोभेसाठी नाही. तापमान तीस अंशांनी वाढलं तर पेट्रोल जवळजवळ तीन टक्के फुगतं, म्हणजे पाच लिटरमागे दीडशे मिली. काठोकाठ भरलेल्या कॅनमध्ये त्याला जायला जागाच नसते. "अर्धा लिटर जास्त बसतं की" असं ऐकून आम्ही थकलो आहोत. ते अर्धं लिटर गाडीच्या टाकीत भरा.

भरताना कॅन गाडीवरून काढून जमिनीवर ठेवा. सीटवर, बॅगेवर किंवा कोणाच्या मांडीवर नको. पंपाची नळी कॅनच्या तोंडाला टेकलेली असू दे, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडायची भीती राहत नाही. पंपावर रांग असली आणि मागचे हॉर्न वाजवत असले तरीही.

ओतताना गाडी बंद करा आणि इंजिन-सायलेन्सर निवेपर्यंत थांबा. तोवर चहा पिऊन या, मात्र टपरीचा स्टोव्ह आणि सिगारेट ओढणारा मित्र दोन्ही लांब पाहिजेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. झाकण हळूहळू फिरवा. वाफ न जिरलेला कुकर उघडण्याची घाई कोणी करत नाही, तसंच हे. फुस्स आवाज पूर्ण थांबला की मग नरसाळं लावा. आम्ही कॅनबरोबर जाळीचं नरसाळं देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

कॅन डाव्या बाजूला, खाली, मागे का

सायलेन्सर उजव्या बाजूला असलेल्या गाड्यांना आम्ही कॅन डावीकडे बसवतो, मागच्या फूटरेस्टच्या मागे, फ्रेमला जितका जवळ आणि जितका खाली येईल तितका. उजवीकडे तोलाला हत्यारांची पेटी घाला. यावर दोन हरकती नेहमी येतात.

पहिली: समोर टाकीशेजारच्या रॅकवर लावा, फोटोत छान दिसतं. दिसतं खरं. पण तिथे उभं राहून चालवताना गुडघे लागतात, हँडल पूर्ण वळतंय का ते बघावं लागतं, आणि गाडी आडवी झाली की बहुधा तोच कोपरा आधी टेकतो. आग्रहच असेल तर लावून देतो, पण हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून तुम्हाला दाखवल्याशिवाय गाडी सोडत नाही.

दुसरी हरकत जास्त योग्य आहे: साइड स्टँड डावीकडे असतो, उभी गाडी कलंडते ती बहुधा डावीकडेच. म्हणूनच आमच्या ब्रॅकेटला बाहेरून पाइपाचा एक गोल वेढा असतो. जमिनीला तो टेकतो, कॅन टेकत नाही. इतरांच्या साध्या पट्टीच्या ब्रॅकेटपेक्षा आमचं महाग का, याचं उत्तर त्या वेढ्यात आणि कॅनखालच्या रबरात आहे. कॅन दोन पट्ट्यांनी बांधतो, बकलच्या. बंजी, म्हणजे रबरी ताणदोरी, चालणार नाही. ती ताणली जाते, आणि ताणली जाणारी कुठलीही गोष्ट खड्ड्यात कॅन नाचवते.

मागच्या कॅरिअरवर, बॅगेच्याही वर, कॅन बांधलेल्या गाड्या रस्त्यावर दिसतात. वळणावर त्या कशा वागतात ते त्यांच्याच चालकांना विचारा.

कोणता कॅन

तेलाचा पाच लिटरचा प्लास्टिक डबा घेऊन "याच्या मापाचं ब्रॅकेट बनवा" म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. त्याचं झाकण पेट्रोलची वाफ अडवण्यासाठी बनवलेलं नसतं. पाण्याच्या बाटलीबद्दल तर बोलायलाच नको. एक तर बहुतेक पंप ती भरून देत नाहीत, आणि तंबूत रात्री तहान लागलेला माणूस बाटली हुंगून बघत नाही.

कायदाही धातूच्या बाजूने आहे. पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ ठेवता येतं, पण ते घट्ट बंद होणाऱ्या धातूच्या, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात. धातूचं भांडं २५ लिटरपर्यंत, काचेचं किंवा मातीचं एक लिटरपर्यंतच. म्हणून आम्ही लोखंडी कॅनच ठेवतो. जड आहे, मान्य. एकाच ट्रिपपुरता हवा असेल तर विकत घेऊ नका, अनामत ठेवून भाड्याने न्या. ब्रॅकेटसुद्धा चार बोल्टांवर उतरतं.

परत आल्यावर

गाडी चंदीगडहून किंवा जम्मूहून रेल्वे पार्सलने पाठवणार असाल तर टाकी रिकामी करावी लागते. कॅनही रिकामा आणि वाळलेला हवा, पेट्रोलचा वास येता कामा नये. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विमानात तर वापरलेला कॅन रिकामा असला तरी घेत नाहीत. तेव्हा निघायच्या एक-दोन दिवस आधीच तो कोरडा करा, झाकण उघडं ठेवून सावलीत, वाऱ्यावर.

घरी आल्यावर उरलेलं पेट्रोल गाडीत घाला, कॅनमध्ये पुढच्या सीझनपर्यंत साठवू नका. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळाभर ठेवलेल्या कॅनच्या तळाशी पाणी जमतं, कॅन आतून गंजतो आणि तो गंज पुढच्या वर्षी टाकीत, तिथून फिल्टरमध्ये जातो. गंजलेला कॅन आम्ही बदलून देत नाही. वायसर मात्र दरवर्षी बदला. भाड्याच्या कॅनला आम्ही दर वेळी नवा घालतो, विकत घेतलेल्यांना तो काउंटरवर मिळेल.

ब्रॅकेटच्या वेल्डिंगची गॅरंटी एक वर्षाची आहे. कॅन पुण्यापासून भरून नेलेला असेल तर ती लागू नाही. हे आम्हाला कसं कळणार, असं विचाराल. तडा कुठून सुरू झाला आहे ते बघून बऱ्यापैकी कळतं.

फिटिंगसाठी गाडी सकाळी अकराच्या आत आणा, सॅडलबॅगा बरोबर असू द्या, कारण त्या लावल्यावर कॅनला किती जागा उरते ते बघूनच मापं घेतो. वेल्डिंग गाडीवर करत नाही, सगळं बाहेर बनवून बोल्टने बसवतो. टाकी अर्धी असली तरी चालेल. निघायच्या आदल्या दिवशी कृपया येऊ नका. पावडर कोटिंगला दोन दिवस लागतात, आणि फिटिंगनंतर वरंधा किंवा ताम्हिणी घाटात एक फेरी मारून आलात तर बोल्ट आम्ही पुन्हा आवळून देतो.