व्हाइस-ग्रिप : जुने लॉकिंग प्लायर, त्यांची ओळख व संग्रह

लॉकिंग प्लायर म्हणजे मिटली की आपोआप घट्ट बसणारी पक्कड. साध्या पकडीवरचा हात सैल झाला की वस्तू सुटते. ही मात्र हात पूर्ण काढून घेतला तरी धरून राहते. आपल्याकडे गॅरेजात आणि फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये तिला सर्रास ‘व्हाइस ग्रिप’ किंवा ‘ग्रिप प्लायर’ म्हणतात, मग ती कोणत्याही कंपनीची असो. ब्रिटनमध्ये एम. के. मोल अँड सन या कंपनीवरून ‘मोल ग्रिप’ हे नाव असेच रूढ झाले. व्हाइस-ग्रिप मात्र मूळची अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या डेविट या पाचएकशे वस्तीच्या गावची, आणि जुन्या पकडी जमवणाऱ्यांचा ओढा मुख्यतः तिकडेच असतो.

डेन्मार्कहून आलेले विल्यम पीटरसन डेविटमध्ये लोहारकाम करत. तापलेले लोखंड सांडशीत धरायचे तर एक हात सतत आवळून ठेवावा लागतो आणि ठोके देताना तोच हात आधी थकतो. शेगड्यासारखी (बाकावर बसवलेल्या व्हाइससारखी) पकड हातात मावणाऱ्या अवजारात आणण्यासाठी त्यांनी पुठ्ठ्याचे नमुने कापून पाहिले. कुलूप होणाऱ्या पकडीचे १४८९४५८ क्रमांकाचे पेटंट त्यांना ८ एप्रिल १९२४ रोजी मिळाले. सुरुवातीला मोटारीच्या डिकीत पकडी घालून ते गावोगावच्या शेतकऱ्यांना आणि मेकॅनिकना विकत. पीटरसन मॅन्युफॅक्चरिंग कंपनी १९३४ मध्ये स्थापन झाली, १९३८ मध्ये गावातल्या एका रिकाम्या औषधदुकानाच्या इमारतीत काम सुरू झाले आणि १९४१ मध्ये ३७ कामगारांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात विमान आणि जहाजबांधणीच्या कामात या पकडींना मोठी मागणी आली.

यातली युक्ती समजायला आपला हात पुरेसा आहे. कोपर वाकवून जड हातगाडी ढकलली तर हात मागे येतो. कोपर ताठ केले की तोच भार हाडांवर जातो आणि स्नायूंना फारसा जोर लावावा लागत नाही. पकडीच्या दोन दांड्यांमध्ये एक लहान पट्टी असते. दांडे आवळत गेलो की या पट्टीचे सांधे सरळ रेषेत येऊ लागतात आणि जबड्यावरचा दाब एकदम वाढतो. सांधा रेषेच्या किंचित पलीकडे गेला की ‘टक्’ असा आवाज होतो. त्यानंतर वस्तूचा उलटा रेटा पकड उघडत नाही, उलट ती बंदच ठेवतो. जबडा किती उघडावा हे दांड्याच्या टोकाचा स्क्रू ठरवतो. तो थोडासा फिरवला तरी दाबात पडलेला फरक तळहाताला कळतो.

ओळख पटवताना पहिली नजर दांड्याच्या आतल्या कळीकडे जावी. पकड चटकन सोडवणारी ही कळ १९५७ मध्ये आली. त्याआधी दांडे हातांनी ओढून उघडावे लागत. म्हणून कळ नसलेली पीटरसनची पकड साधारणपणे १९५७ पूर्वीची मानतात. मात्र कळ तुटून पडलेली असू शकते. दांड्याच्या पोकळीत बोट घालून रिव्हेटचे रिकामे भोक लागते का ते पाहावे. भोक लागले तर पकड नंतरच्या काळातली.

मग अक्षरे वाचावीत. ‘१०डब्ल्यूआर’ या शिक्क्यातील १० म्हणजे इंचांत लांबी, डब्ल्यू म्हणजे तार कापायची धार आणि आर म्हणजे सोडायची कळ. जुन्या पकडींवर हा आर नसतो, नुसते ‘७डब्ल्यू’ किंवा ‘१०डब्ल्यू’ असते. लांब चोचीच्या पकडीवर ‘एलएन’ ही अक्षरे येतात.

पेटंट क्रमांकावर मात्र नवखे संग्राहक हमखास फसतात. क्रमांक दिसला की त्या वर्षाची पकड असे ते धरून चालतात आणि विक्रेतेही तसेच सांगतात. प्रत्यक्षात क्रमांकावरून कळते ते एवढेच की पकड त्या वर्षापूर्वीची नाही. २२८०००५ हा क्रमांक १९४२ चा आहे, पण ठसा एकदा बनला की तो पुढे कितीतरी वर्षे चालतो. त्या काळी अमेरिकन पेटंट मंजुरीपासून १७ वर्षे टिके, म्हणजे पीटरसन यांचे १९२४ चे पेटंट १९४१ मध्ये संपले. त्याच दशकात कनेक्टिकटच्या सीमोर स्मिथ कंपनीच्या ‘स्नॅप-लॉक’सारख्या पकडी बाजारात दिसतात. संग्रहात त्यांनाही मानाची जागा द्यायला हवी, केवळ नक्कल म्हणून बाजूला ठेवू नये.

काळपट, मुलामा नसलेली पकड ‘युद्धकाळातली’ म्हणून चढ्या भावाने विकली जाते. युद्धात अवजारांसाठी निकेल आणि क्रोम मिळणे कठीण झाले होते हे खरे, पण आगीत सापडलेली किंवा आम्लात बुडवलेली पकडही काळी पडते. रिव्हेटच्या डोक्याभोवतीच्या खाचेत मुलाम्याचा चमकदार कण सापडला तर दावा सोडून द्यावा. स्क्रू आणि स्प्रिंग यांवरून वय कधीच ठरवू नये; हे भाग सहज बदलले जातात.

१९८५ मध्ये पीटरसन कंपनीने आयर्विन ही ड्रिलची पाती बनवणारी जुनी कंपनी घेतली, आणि पुढे पकडींवर आयर्विनचेच नाव आले. २००२ मध्ये मालकी न्यूवेल रबरमेड या अमेरिकन कंपनीकडे गेली. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी डेविटचा कारखाना बंद झाला आणि उत्पादन चीनला गेले. गावाचा कणाच मोडला. ‘डेविट, नेब्रास्का’ असा शिक्का असलेल्या पकडींकडे लोक ओढीने वळले त्यामागे हे दुःख आहे. २०१७ मध्ये माल्को कंपनीने ती वास्तू घेऊन ‘ईगल ग्रिप’ नावाच्या पकडी काढल्या, पण तो प्रयत्न फार काळ टिकला नाही.

भारतात नाशिकच्या टपारिया कंपनीच्या लॉकिंग पकडी सर्वत्र मिळतात. आपल्याकडच्या जुन्या बाजारात गंजलेल्या पकडींच्या ढिगात डेविटचा शिक्का शोधायचा असेल, तर सोबत मऊ दातांचा ब्रश, खडू आणि टॉर्च ठेवावा. शिक्क्यावर खडू घासून वरचा थर बोटाने पुसला की खोलगट अक्षरांत पांढरी पूड राहते आणि टॉर्च आडवा धरला की ती वाचता येतात.

घरी आणल्यावर पकड रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवावी आणि ब्रशने घासावी. ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश मात्र चुकूनही वापरू नये. गंजाबरोबर उथळ अक्षरेही निघून जातात, आणि ती गेली की पकड कुठली हे सांगणारा पुरावाच जातो. साफ झाल्यावर सांध्यांत तेलाचे दोन थेंब सोडून पकड जबडा उघडा ठेवून जपावी.