'१९२७ चा महापूर' म्हणून फिरणारा फोटो मुळात कुठला?

विश्वामित्री पात्राबाहेर आली की बडोद्याच्या मराठी घरांतले जुने फोटो फिरू लागतात. दांडिया बाजारातल्या एका घरातला कृष्णधवल फोटो त्यांत हमखास असतो. छप्पर उडालेल्या घरांची रांग, बुंध्याशी मोडलेले विजेचे पोल, शेंडे तुटलेले नारळ आणि कडेला एक जीप. खाली ओळ असते, 'बडोदे, १९२७ चा महापूर'.

हे वर्ष चिकटणं साहजिक आहे. १९२७ च्या जुलैअखेरीस, आषाढ वद्यात, गुजरातवर दिवसेंदिवस पाऊस कोसळला. गुजराती माणसं त्याला 'रेलसंकट' म्हणतात. अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष तेव्हा वल्लभभाई पटेल होते, आणि त्या मदतकार्यानं त्यांचं नाव गावोगाव पोचलं. बारडोलीचा सत्याग्रह त्यानंतर, १९२८ सालचा. बडोदे संस्थानालाही त्या पावसाचा जबर तडाखा बसला. त्यामुळे पडझडीचा कुठलाही जुना फोटो दिसला की आपल्याकडे आधी हेच साल ओठांवर येतं.

पण फोटोतल्या भिंती वेगळंच सांगतात. पुरात मातीची किंवा कच्च्या विटांची भिंत भिजून खालून खचते आणि छप्पर बहुधा सगळ्या वाशांसकट ढिगाऱ्यावर येऊन बसतं. वाऱ्यात उलट होतं. वारा पाख्याखाली शिरतो, वरून जाताना छताला उचलतो, आणि कौलं-पत्रे गेले तरी भिंती जागेवर राहतात. इथे भिंती उभ्या आहेत, त्यांवर गाळाची रेघही नाही. म्हणजे हे काम वाऱ्याचं.

भिंतींचा दगडही बडोद्याचा नाही. जुनं बडोदे विटांचं आणि लाकडाचं. फोटोत करवतीनं कापल्यासारखे, एकाच मापाचे, फिकट चुनखडीचे ठोकळे दिसतात. सौराष्ट्राच्या किनाऱ्याकडे त्यांना 'बेला' म्हणतात. त्यात मागे नारळाची बाग. मांगरोळपासून उन्यापर्यंतचा किनारपट्टा, ज्याला तिकडे 'लीली नाघेर' म्हणतात, तो नारळासाठीच ओळखला जातो. बडोद्यात अंगणात एखादा माड असेलही, अशी बाग नाही.

जीपच्या पाटीवर 'जी'नं सुरू होणारी तीन अक्षरं वाचता येतात. गुजरात राज्य १ मे १९६० रोजी झालं आणि 'जीजे'वाले नंबर १९८९ पासून आले. जीपची नोंदणी या दोन सालांमधली, म्हणजे फोटो १९६० नंतरचा. पोलही त्याला दुजोरा देतात, कारण आतल्या तारा ताणून ओतलेले हे सिमेंटचे पोल खेड्यांत वीज पोचवण्याच्या काळातले आहेत. १९२७ मध्ये ते कुठून येणार?

मग हा फोटो दांडिया बाजारात कसा आला? याचं उत्तर रेसकोर्सवरच्या विद्युत भवनात आहे. गुजरात इलेक्ट्रिसिटी बोर्डाचं मुख्यालय बडोद्यात होतं, आणि बोर्डात नोकरी करणारी मराठी घरं शहरात कमी नव्हती. किनाऱ्यावर तुफान आलं की लाइन उभी करायला बाहेरून माणसं जायची. नुकसानीचे काढलेले फोटो कामावरून परतणाऱ्याच्या बॅगेत घरी आले, तर नवल नाही.

साल ठरतं ते फोटोच्या मागच्या बाजूनं, आणि फिरत होती ती फक्त पुढची बाजू. मागे गुजराती अक्षरांत 'आसो वद, सं. २०३८', म्हणजे आश्विन वद्य, विक्रम संवत २०३८, एवढंच लिहिलेलं आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडचे नातेवाईक सवयीनं ५७ वजा करतात आणि १९८१ काढतात. तिकडे विक्रम संवत चैत्रात बदलतो, म्हणून आश्विनासाठी त्यांचा हिशेब त्यांच्याकडे बरोबर आहे. गुजरातेत मात्र तो दिवाळीनंतरच्या पाडव्याला बदलतो. त्यामुळे चैत्रापासून आश्विनाअखेरपर्यंत गुजरातचा आकडा एकानं मागे असतो, आणि इथे ५६ वजा करायचे. साल येतं १९८२. त्या वर्षी आश्विन अधिक होता, दिवाळी थेट १५ नोव्हेंबरला आली आणि निज आश्विनाचा वद्य पक्ष नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडला. ८ नोव्हेंबर १९८२ रोजी वेरावळच्या पूर्वेला, कोडिनारच्या आसपास, चक्रीवादळ किनाऱ्यावर चढलं. पाचशेच्या आसपास माणसं गेली.

कोडिनार हे नाव बडोद्याच्या जुन्या मराठी घरांना परकं नाही. १९४९ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तो महाल, म्हणजे तालुका, गायकवाडांच्या अमरेली प्रांतात होता. सक्तीच्या शिक्षणाचा पहिला प्रयोग सयाजीरावांनी १८९३ मध्ये केला, तोही अमरेलीत. पंजोबा वहिवाटदार, म्हणजे महालाचे अधिकारी, म्हणून त्या बाजूला राहून आले आणि नातू तिथेच तारा ओढायला गेला, असं एखाद्या घरात सहज घडलं असेल. फोटोला 'बडोदे' म्हणणाऱ्यांची चूक संस्थानी हिशेबानं तेवढी मोठी नव्हे!

वाऱ्याच्या दिशेसाठी मात्र पोलांवर फार भिस्त ठेवू नये. एक पोल मोडला की ताणलेली तार शेजारच्यालाही ओढते, आणि रांगच्या रांग तारेच्या ओढीनं पडते. झाडांचा पुरावा जास्त भरवशाचा. या फोटोत काही झाडं एका बाजूला आणि काही बरोबर उलट बाजूला आडवी आहेत. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, गावावरून जातो तेव्हा आधी एका दिशेनं वारा येतो, मध्ये थोडा वेळ पडतो, मग उलट दिशेनं सुटतो. म्हणजे गाव डोळ्याच्या वाटेवर किंवा अगदी लगत होतं, आणि शोध वेरावळ-कोडिनारच्या पट्ट्यातच ठेवायला हवा. १७ मे २०२१ च्या ताउते वादळानं त्याच किनाऱ्यावर, दीव आणि उन्याच्या मधून, जमीन गाठली. तेव्हाचे मोडलेले पोल रंगीत फोटोंत दिसतात. मोडले आहेत ते तसेच, बुंध्याशी.