अमेरिकेतली सरकारी कामगार मध्यस्थी (युद्धकाळ आणि युद्धोत्तर काळ)

युद्धात कारखाने, खाणी, रेल्वे बंद पडू नयेत म्हणून मालक आणि युनियनच्या भांडणात अमेरिकी सरकार मध्ये पडायचं, त्या सगळ्या व्यवस्थेला ढोबळपणे हे नाव देतात. 'मध्यस्थी' हा शब्द इथे जरा जपून वापरायला हवा. समेट म्हणजे अधिकारी दोन्ही बाजूंशी बोलतो, पटलं तर पटलं. लवाद म्हणजे दोघांनी आधीच मान्य केलेल्या माणसाचा निवाडा. आणि तिसरा प्रकार म्हणजे मंडळ निकाल देतं आणि तो पाळला नाही तर सरकार कारखानाच ताब्यात घेतं. युद्धकाळात नाव पहिल्या प्रकारचं आणि काम बरंचसं तिसऱ्या प्रकारचं होतं, हे लक्षात ठेवलं नाही तर पुढचं काहीच नीट कळत नाही.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. कोणी रेल्वेपुरत्या १८९८ च्या अर्डमन कायद्यापासून धरतात, कोणी १९०२ च्या कोळसा संपात थिओडोर रूझवेल्टनी नेमलेल्या आयोगापासून, तर कोणी १९१३ मध्ये कामगार खातं झालं आणि त्यात समेट अधिकारी आले तिथपासून. युद्धकाळापुरतं बोलायचं तर पहिल्या महायुद्धातलं, एप्रिल १९१८ चं नॅशनल वॉर लेबर बोर्ड (राष्ट्रीय युद्ध कामगार मंडळ) हीच सुरुवात धरणं जास्त सयुक्तिक वाटतं, कारण मालक आणि कामगार दोघांचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं बसवायची रीत इथे पक्की झाली. माजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट आणि वकील फ्रँक वॉल्श हे जोडीनं अध्यक्ष होते. निकालामागे कायद्याचं बळ नव्हतं, तरी बंदुका बनवणाऱ्या स्मिथ अँड वेसन कंपनीनं निकाल नाकारला तेव्हा सरकारनं त्यांचा कारखाना घेतला, आणि ब्रिजपोर्ट शहरातल्या शस्त्र कारखान्यांच्या संपकऱ्यांना खुद्द राष्ट्राध्यक्ष विल्सननी कळवलं की कामावर या नाहीतर सैन्यभरतीची सूट जाईल. १९१९ मध्ये हे मंडळ गुंडाळलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी मार्च १९४१ मध्ये नॅशनल डिफेन्स मेडिएशन बोर्ड (संरक्षण उद्योगांतल्या भांडणांसाठीचं मध्यस्थी मंडळ) आलं आणि वर्ष संपायच्या आत मोडलं. पोलाद कंपन्यांच्या मालकीच्या कोळसा खाणींत सगळ्यांनाच युनियनचं सभासदत्व सक्तीचं हवं ही खाणकामगार युनियनचे नेते जॉन एल. लुइस यांची मागणी बोर्डानं ९ विरुद्ध २ मतांनी फेटाळली, त्यावर सीआयओ या युनियनांच्या महासंघाचे प्रतिनिधी बाहेर पडले. मग ते प्रकरण लवादाकडे गेलं आणि निकाल लुइसच्या बाजूनं लागला, तो नेमका ७ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरच्याच दिवशी.

१२ जानेवारी १९४२ च्या आदेशानं नवं नॅशनल वॉर लेबर बोर्ड झालं, १२ जण, मालक, कामगार आणि जनता यांचे चार-चार, अध्यक्ष विल्यम डेव्हिस. युनियननी संप न करण्याचा शब्द दिलेला होता, पण संपच नाही तर लोक वर्गणी का भरतील? यावर बोर्डाचा तोडगा होता 'सभासदत्व टिकवणं'. युनियनमध्ये यायची सक्ती नाही, पण जो आहे किंवा येईल त्यानं करार संपेपर्यंत राहायचं, आणि सुरुवातीला बाहेर पडायला १५ दिवसांची मुदत. म्हणजे सक्तीही नाही आणि गळतीही नाही. हे डोकं मूळ कोणाचं यावर मतं आहेत, पण १९४१ च्या मेडिएशन बोर्डानंच कर्नीच्या जहाज कारखान्याच्या प्रकरणात हेच सुचवलं होतं, कंपनीनं नाकारल्यावर नौदलानं कारखाना घेतला होता, त्यामुळे १९४२ ला नव्यानं शोध लागला असं म्हणता येत नाही.

पगाराचा हिशोब जुलै १९४२ च्या 'लिटल स्टील' (तुलनेनं लहान पोलाद कंपन्यांचा गट) निकालात ठरला. कामगारांनी दिवसाला १ डॉलर वाढ मागितली होती. बोर्डानं धरलं की जानेवारी १९४१ पासून महागाई साधारण १५ टक्के वाढली, तेवढी वाढ मिळून गेलेली असेल तर महागाईच्या नावावर आणखी नाही. त्यातून तासाला ३.२ सेंट उरले, त्यात इतर कारणांसाठी २.३ मिळवले, झाले ५.५, आठ तासांचे ४४ सेंट. मजुरी अशी बांधल्यावर बोर्ड पगारी रजा, शिफ्टचा जादा पैसा, विमा असल्या गोष्टी मान्य करत गेलं. १९४३ च्या साउथपोर्ट पेट्रोलियम प्रकरणात त्यानं काळ्या मजुरांची वेगळी कमी मजुरी रद्द केली, हे काम या बोर्डाच्या सगळ्यात मोठ्या कामांत धरायला हवं.

१९४३ मध्ये लुइसनी कोळसा खाणींत संप पुकारले, सरकारनं खाणी घेतल्या, आणि जूनमध्ये काँग्रेसनं (अमेरिकी संसदेनं) राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टचा व्हेटो मोडून संपांवर बंधनं घालणारा स्मिथ-कॉनली कायदा केला. बोर्डाला न जुमानणाऱ्या मालकांचं उदाहरण म्हणजे माँटगोमेरी वॉर्ड या किरकोळ विक्रीच्या कंपनीचे प्रमुख सेवेल एव्हरी. त्यांनी बोर्डाचा आदेश मानला नाही, एप्रिल १९४४ मध्ये शिकागोच्या ऑफिसातून दोन सैनिकांनी त्यांना बसल्या अवस्थेतच उचलून बाहेर आणलं, हाताची घडी तशीच, तो फोटो देशभर छापून आला.

या सगळ्यात युनियनचा फायदा झाला का? सभासद वाढले हे खरं. नेल्सन लिख्टेनश्टाइनसारखे इतिहासकार म्हणतात की नेते सरकारवर अवलंबून झाले आणि कारखान्यातल्या साध्या कामगारापासून तुटले. हे मत जास्त पटतं, मात्र साउथपोर्टसारखे निकाल त्यात झाकोळले जाऊ नयेत.

युद्धानंतर बोर्ड १९४५ अखेर बंद झालं. दाबून ठेवलेली मागणी एकदम बाहेर आली, १९४६ मध्ये साधारण ४६ लाख कामगार संपात होते. राष्ट्राध्यक्ष ट्रूमननी सत्यशोधन मंडळं नेमली. जनरल मोटर्समध्ये मंडळानं तासाला १९.५ सेंट सुचवले, ११३ दिवसांच्या संपानंतर १८.५ वर मिटलं. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यानं समेटाचं काम कामगार खात्याकडून काढून स्वतंत्र संस्थेला दिलं, पहिले संचालक सायरस चिंग, आणि राष्ट्रीय संकटात संप ८० दिवस कोर्टाकडून थांबवायची सोय केली. कोरिया युद्धात ट्रूमननी ही ८० दिवसांची सोय न वापरता ८ एप्रिल १९५२ ला पोलाद कारखानेच ताब्यात घ्यायचा हुकूम काढला. २ जूनला सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध ३ नं तो बेकायदा ठरवला, कामगार पुन्हा संपावर गेले, आणि तो संप जुलैच्या शेवटी मिटला.